शेरा

सावद्याच्या आमच्या फळविक्री सोसायटीत
जानेवारीपासून वही बंद.
चिकाचे डाग पडलेली, लाल पाठीची आवक वही
नेहेतेभाऊंनी कपाटात लोटली,
म्हणाले, कुमुदताई, आता सगळं पोर्टलवर.

सगळं म्हणजे किती, ते पोर्टलच ठरवतं.
मालाचा प्रकार विचारतं, खाली तीन ओळी उघडतं:
उत्तम. मध्यम. इतर.
सव्वीस वर्षं मी लिहीत आले
नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी,
पुढे भाव, आणि भावाला चिकटून फरक.
फरकाला तिथे रकानाच नाही.
सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतची केळी
माझ्या हातून रोज 'इतर' होतात.

पासवर्डात एक आकडा हवा, एक चिन्ह हवं,
दर महिन्याला नवा, आणि जुन्यासारखा नको.
माहेरच्या गावाचं नाव वापरून झालं,
मेलेल्या म्हशीचं झालं,
सध्या सासूचं आहे, पुढे उद्गारचिन्ह.
दिवसातून आठ वेळा तिचं नाव घेते,
ती होती तेव्हा एकदाही घेतलं नव्हतं.

ओटीपी येतो भाऊंच्या मोबाइलवर.
भाऊ सुकीकाठच्या बागेत, तिथे रेंज नाही.
तोवर दारात ट्रक,
क्लीनर घडांवर ओली पानं टाकतोय,
आणि पडद्यावर एक वर्तुळ गरगरतं
वावधनाआधी अंगणात पाचोळा फिरतो तसं.

सिकंदर तडवी आला कापणीच्या मजुरीला.
अंगठा ठेव म्हटलं.
मशीन म्हणालं, ओळख पटली नाही.
लेंग्याला पुसून ठेवला. ओळख पटली नाही.
तीस वर्षांचा चीक आहे त्या बोटांवर,
रेषा बुजून गेल्यात.
तो हसला. "बाई, तुम्ही तं वळखता ना मले?"
ओळखते रे.
पण मला ओटीपी येत नाही.

सगळ्यात खाली एक चौकोन आहे, काडेपेटीएवढा. शेरा.
पन्नास अक्षरं.
काना-मात्रा वेगळ्या मोजतं मेलं,
म्हणजे मराठीला निम्मीच.
मार्चात एकदा रागानं लिहिलं त्यात:
हा माल वापसी आहे. इतर नाही.
पोर्टलनं मुकाट घेतलं.
दुसऱ्या दिवशी: सिकंदरला रोख दिले.
मग: रात्री वावधन. खिरोद्याकडे बागा झोपल्या.
मग, कुणी वाचत नाही हे कळल्यावर:
कूलर बंद. शेहेचाळीस.
आज फरक अठरा.
गुडघा.

मेच्या शेवटी मुख्यालयातून फोन.
पोरसवदा आवाज. वाटलं, गेली नोकरी.
म्हणाला, मॅडम, शेऱ्यातलं वाचतो मी.
एक विचारू? वापसी म्हणजे काय?

मग सांगत बसले त्याला,
व्यापारी घड कसा फिरवून बघतो,
कोणता बाजूला काढतो,
सालीवर डाग असतो, आत गोडी तीच,
आणि बाजूला काढलेलंही संध्याकाळपर्यंत
कुणीतरी नेतंच, भाव पाडून.
तिकडे बटणांचा आवाज येत होता, लिहून घेत असावा.
इकडे माझ्या पडद्यावर आलं:
तुमचे सत्र समाप्त झाले आहे.

जूनपासून यादीत चौथी ओळ आहे.
उत्तम. मध्यम. वापीस. इतर.
वापीस!
भाऊ म्हणाले, कळवा, करतील दुरुस्त.
अजून कळवलेलं नाही.

पोर्टल मला आवडत नाहीच.
परवा भर दुपारी नोंद पुसली गेली एकोणीस गाड्यांची,
कळण्याची भाकरी तशीच डब्यात राहिली,
आणि मी त्याला जे म्हणाले
ते पन्नास अक्षरांत मावणारं नव्हतं.

पण संध्याकाळी बंद करण्याआधी
शेऱ्यात चार शब्द टाकते.
त्यातला एक असा निवडते
जो तापी ओलांडली की कुणाला कळत नाही.