पाव आटा

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी.
आला की गच्चीवरची टाकी काठोकाठ,
ड्रम, हंडे, कुकरसुद्धा.
आणि नेमका त्याच रात्री
बेसिनखालचा पांढरा प्लास्टिकचा पाईप
नटाजवळ फाटला.
सकाळी उठले तर चपला तरंगत
उंबऱ्यापर्यंत गेलेल्या.
टाकी वाजवली, रिकाम्या डब्यासारखी बोलली.
इंदूमाय दारात,
"कितलं पानी गयं वं माय!"
मोजायची गरज नव्हती.
पाचशे लिटर, टाकीवरच छापलंय.

रज्जाक पिंजारी मेहुणीच्या लग्नाला, दोंडाईच्याला.
चार दिवसांनी येतो म्हणाला.
त्याचे चार दिवस अख्ख्या पारोळ्याला माहीत आहेत.

मग मी शिवणाची टेप काढली.
अँगल कॉकच्या तोंडापासून
नळाच्या बुडापर्यंत तेरा इंच.
तेराला तेरा कापलं
तर ब्लाउज हात वर करू देत नाही,
एवढं कळतं मला.
ढील हवी.
फार दिली तर मधेच मोड पडतो, तोही नको.
तळहातावर पेनने लिहिलं: अठरा.

दुकानात हेमराज वाणी म्हणाले,
"संगे कोनी शे का?"
म्हटलं, टेप आहे.
त्यांनी दोन पाईप टाकले काउंटरवर,
दोन्ही चकचकीत, दोन्ही स्टीलची वेणी घातलेले,
एक ऐंशीचा, एक दोनशे दहाचा.
ऐंशीचा नट हातात बत्ताशासारखा.
दुसऱ्याला वजन होतं,
आतून पिवळा, पितळेचा.
खुशालीच्या तुटक्या कंपासपेटीचं चुंबक
मी पदराला बांधून नेलं होतं.
ऐंशीवाल्याला ते सोयऱ्यासारखं बिलगलं,
दोनशे दहावाल्यावरून घसरत राहिलं.
शेठ चष्म्यावरून बघत होते.
"घरमा बोरनं पानी शे का?"
शे. खारं. बादलीच्या बुडाला पांढरं धरतं.
"मंग हाऊच."
दहा रुपये कमी केले नाहीत.

वाटेत रिक्षात वेणी निरखली.
बारीक तारा, वरून खालून, वरून खालून,
एक केस सुटलेला नाही.
आत साधी रबराची नळी,
दाब आला की फुगून फाटायला तयार.
वेणी तिला फुगू देत नाही.
रोज सकाळी खुशाली ओरडते,
"मम्मी, किती घट्ट!"

दुपारी वरचा कॉक बंद केला,
बेसिनखाली पाठीवर शिरले,
मोबाईल पाटावर उभा.
सुरतहून हे, मागे लूमचा खडखडाट.
"टेफलॉन गुंडायी ले."
आत वायसर आहे, नाही लागत.
"बरं. पाईप पिळू नको.
हातवरी बसू दे, मंग पान्यानं पाव आटा.
जास्ती कसशी ते वायसर मरी..."
आणि रेंज गेली.
ह्यांचं तोंड उघडंच अडकलं स्क्रीनवर.

पाव आटा म्हणजे किती?
बारावरचा काटा तीनवर.
किंवा मशीनचं टेन्शन फिरवते तेवढं,
दोरा तुटू नये, टाका लोंबू नये.
एका हाताने पाईप धरला, दुसऱ्याने पाना.
मनगटाला जिथे नको वाटलं
तिथे थांबले.

ड्रममधल्या चार बादल्या गच्चीवर चढवल्या,
निव्वळ परीक्षेसाठी.
बेसिनखाली कोरडा पेपर पसरला,
सोन्याच्या भावाचं पान वर.
रात्री तीनदा उठले टॉर्च घेऊन.
चोर आला असता तर लाजला असता.

सकाळी पेपर कोरडा.
कडेला एकच डाग होता, तो तेलाचा, भज्यांचा.
सोनं महाग झालं होतं, तेवढी बातमी वाचली.

फ्लशचा पाईप अजून प्लास्टिकचाच आहे,
गिझरचे दोन.
त्यांच्याकडे बघून घेतलं.

इतक्यात इंदूमाय,
हातात स्वतःचा चिरलेला पाईप,
"मना बी देखी दे वं."
मी टेप गळ्यात घातली.
म्हटलं, आधी मागच्या दोन ब्लाउजांची शिलाई.