चेसिस

मुराद तडवीनं हातोडी हलकी धरली
आणि फ्रेमवर टकटक करत मागे सरकला,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवत उतरतो तसा.
मानेजवळचा पाइप बोलला, टण्ण.
टाकीखालचा, टण्ण.
सीटमागे, कॅरिअरच्या बुडाशी आला
तेव्हा आवाज आला
ओल्या खोक्यावर थाप मारल्यासारखा.

"आतून गेला व माय," तो म्हणाला,
"वरतून तं पाय, कसा मानसात बसेल हाय."

तिथंच पेटी असायची.
थर्माकोलची, पत्र्यानं मढवलेली.
बर्फ, जाडं मीठ आणि हतनूरची मासळी,
कतला, रोहू, नशीब असलं तर वाम.
सुपडू भोई, म्हणजे माझा बाप,
पहाटे धरणावर, सहाला सावद्यात,
नवाच्या आत फैजपूर, उरलं तर यावल.
वीस-बावीस वर्षं
पेटीच्या एकाच कोपऱ्यातून
थेंब पडत राहिला, खारा, एकाच जागी.
राजदूत कुरकुरली असेलही.
बापाला डाव्या कानानं कमी यायचं.

मुरादनं हिशेब सांगितला, कानावरची बिडी न पेटवता.
जळगावच्या भंगारात फ्रेम मिळते,
सरळ, कोरडी, तीनेक हजारांत.
"पन नंबर तिचा राहीन. तुह्या बापाच्या गाडीचा नाई.
आरटीओवाले काय म्हनतीन, अल्ला जाने."

नंबर गाडीच्या मानेवर ठोकलेला असतो.
मी कागद लावून पेन्सिल घासली,
शाळेत नाण्यावर घासायचो तशी.
एकेक आकडा काळ्यातून पांढरा वर आला.
पाचवा तेवढा गंजानं खाल्लेला,
तीन की आठ, कळेना.
आरसी बुकात तीन आहे.
बाप शेवटपर्यंत आठच सांगत होता.

"काप," मी म्हणाले. "कुजलं तेवढंच काप."

ग्राइंडर ओरडला. पाइप उघडला
आणि आतून पडला लाल भुगा,
चहाच्या चोथ्यासारखा, ओंजळभर.
त्यात कुंभारमाशीचं एक मातीचं घर, रिकामं.
एवढ्याशा अंधारात कुणी संसार करून गेलं होतं,
वर पेटीला टेकून मी शाळेत जात असताना.

शाळेत. हो.
फाटकाच्या आधी पिंपळ लागायचा.
तिथं मी त्याच्या पाठीवर थाप मारायचे,
बस, इथंच.
तो कधी विचारायचा नाही, का.
गाडी वळवताना एक पाय मातीत घासायचा, एवढंच.

मुरादनं दुसरा पाइप घेतला,
कानशीनं घासून घासून
जुन्याच्या पोटात सरकवला.
"बाहेरून जोड दिसला तं पैसे नको देऊ."
काळी काच डोळ्यांवर ओढली. मला म्हणाला, तिकडं पाय.
मी भिंतीकडे पाहिलं.
भिंतीवर निळा उजेड उड्या मारत होता
आणि तीन सावल्या,
तो, मी, चाकं काढलेली गाडी.

मग वास आला.
मासळीचा. अगदी तोच,
ओल्या गोणपाटाचा, सकाळी सहाचा.

"रॉड जळून राह्यला," मुराद म्हणाला, "त्याचा वास हाय."
असेल.
मी बारा वर्षं सरकारी दवाखान्यात
लोकांचं रक्त काचेवर पसरते.
नुसत्या वासावर रिपोर्ट लिहीत नाही.

ऊन कलताना रेड ऑक्साइडचे दोन हात मारून
त्यानं गाडी बाहेर ढकलली.
"आता मीठ नको नेऊ हिच्यावर."
"नाही."
"मंग काय नेशीन?"

त्याचं उत्तर मी आणलं नव्हतं.
किक मारली. चौथीला लागली.
केळीच्या बागांमधून धूर मागे राहिला,
तळहाताला ओला लाल रंग.
पिंपळ आला.
मी पुढे गेले, पार फाटकापर्यंत.
शाळा सुटून गेली होती, शिपाई कुलूप लावत होता.
तिथून गाडी वळवली,
एक पाय मातीत घासत.