बारावा दिवस

अल ऐनच्या प्रयोगशाळेत माझं काम सोपं आहे :
भुसा बदलणं, पाणी भरणं, पिल्लं मोजणं,
काट्यावर ठेवलेलं पिल्लू वळवळायचं थांबेपर्यंत
हाताचा आडोसा धरणं.

आज बाराव्या दिवशी एकाचं बारसं झालं.
नाव नाही, आकडा : ४१७.
डोळे मिटलेले. अंगावर लव,
शेंगदाण्याच्या सालीइतकी पातळ.

डॉक्टर शम्सा त्याच्या डोक्यातली तार,
केसाहून बारीक, यंत्राला जोडतात
आणि तेलात मोहरी पडावी तसा आवाज येतो.
नाक दाराकडे वळलं की तडतड,
भिंतीकडे वळलं की गप्प,
पुन्हा दाराकडे. तडतड.

"ही एकच पेशी. हिला एकच दिशा ठाऊक,
शेजारणीला दुसरी. सगळ्या मिळून सुई."
मी विचारलं, मग उत्तर कुठली?
त्या हसल्या.
आत उत्तर-बित्तर काही नसतं,
असते फक्त 'ही बाजू'.

दहा मिनिटांनी तीच पेशी
दाराशी गप्प आणि नळाकडे बोलते.
सगळ्या मिळून सरकल्या होत्या,
जत्रेतल्या पाळण्यांसारख्या, आपसातलं अंतर न मोडता.
डोळे नाहीत. धरून ठेवायला काही नाही.

माझीही एकदा अशी सरकली.
मिठमुंबरीत वाढलेल्या पोराला
पश्चिम शिकवावी लागत नाही,
तिकडून रात्रभर गाज येते.
फुजैराला नवा होतो तेव्हा
पहाटे चहा घेऊन किनाऱ्यावर बसलो
आणि सूर्य पाण्यातून वर आला.
वर!
आमच्याकडे तो पाण्यात जातो.
पुढे आठ दिवस बाजारातून खोलीवर येताना
मी नेमका उलटा वळायचो.

आजा म्हणायचा, चकवा लागला की चालू नये.
खाली बसावं, तंबाखू मळावी,
दिशांना परत यायला वेळ द्यावा.
मी तंबाखू खात नाही.
खोलीच्या छतावर एक हिरवा बाण चिकटवलेला होता.
शेरजमान म्हणाला, तिकडे मक्का.
म्हणजे जवळजवळ पश्चिम.
म्हणजे डाव्या हाताला दक्षिण.
मी उठून उशी फिरवली,
पाय दक्षिणेला नकोत, एवढंच आईचं लक्षात होतं.
त्या एका बाणाखाली आम्ही चार वर्षं राहिलो,
तो नमाजापुरता, मी उशीपुरता.

दुपारी शम्सांनी ४१७ला लहान पेटीत सोडलं,
दीड वीत लांब, दीड वीत रुंद.
मिशा एका कोपऱ्याला लागल्या,
मग भिंतीने सरपटत दुसऱ्या.
मोहरी तडतडली. पुन्हा तिथेच. पुन्हा तिथेच.
सुई टिकली, अजून आंधळीच,
पण कोपऱ्याला टेकून.
मोठ्या पेटीत सोडलं असतं तर वाहत गेली असती.

रात्री फोनवर मनवा दिसली. दोन वर्षांची.
तिच्या आईने विचारलं, बाबा कुठेत?
तिने बोट फ्रिजकडे केलं,
फोन रोज त्याच्यावरच चार्जिंगला असतो.
"अगं तिकडे नाही, समुद्रापलीकडे..."
मी म्हटलं, राहू दे.
समुद्र फार मोठी पेटी आहे.
फ्रिजला चांगला कोपरा आहे.

पंधराव्या दिवशी सकाळी
४१७चा उजवा डोळा उघडलेला, डावा अजून चिकटलेला.
शम्सा रजेवर, यंत्र बंद,
खोलीत खिडकी नाही.
समोर मीच, भुशाची बादली घेऊन.
त्याने माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
पण मी बराच वेळ हललो नाही.
चुकून मलाच खूण धरली असेल,
तर खुणेने जागा सोडू नये.