निस्तरणं

हार्डनर कमी पडला, की ईस्कीची थंडीच आडवी आली,
तिसऱ्या दिवशीही बोर्ड चिकट,
काकवी सांडलेल्या पाटासारखा.
शेजारचा रुअरी "वाळलं का?" म्हणत
काल अंगठा टेकवून गेला.

डर्व्हलाने शेडमध्ये हीटर लावला, रात्र काढली.
सकाळी अंगठा दगड झालेला,
रेघारेघांसकट.

टिचकी मारत ती बोर्डभर फिरते.
खणखणीत. खणखणीत.
बद्द.
इथे कापडाखाली हवा अडकलीय.
पातं घालून तो फुगा कापते,
कडा घासते ऐंशी नंबरच्या कागदाने;
काचेची धूळ बाहीत शिरते,
मनगटं रात्रभर खाजणार.

आणि मग हात जरा जास्तच चालतो:
विणकाम फाटून पिवळा फोम उघडा.
एक चूक काढताना दुसरी.
ती शिवी देते, आयरिशमध्ये,
आजोबा होडीला द्यायचे तीच.

ठिगळ. त्यावर त्याहून मोठं ठिगळ.
या वेळी थेंब मोजून.
बोर्ड आता ठरवल्यापेक्षा जड,
ठरवल्यापेक्षा तिचा.

संध्याकाळी रुअरी दारात.
हात खिशात.
बोर्डाकडे न बघता विचारतो,
"वाळलं?"