लि म्हणजे दि

सकाळी आधी सोलर पॅनेलवरचा बर्फ झाडायचा,
मग वर्ग.
थाबा-त्सेकाच्या वरच्या अंगाला, जुलैच्या थंडीत,
दगडी खोलीत चार मुलं, एक लॅपटॉप,
आणि बॅटरी पावणेतीन तासांची.
दोन वर्षं मासेरूच्या कचेरीत
अर्जाचं घोंगडं भिजत पडलं होतं.
लॅपटॉप आला, तेव्हा सोबत एक कागद होता:
पडदा कसा पुसावा.

'बोटं घरी ठेवा,' मी म्हणाले.
'एफवर एक उंचवटा, जेवर एक.
हरवलात की तिथे परत या.'
'मेंढ्यांनाही मी हेच सांगतो,' मोएकेत्सी म्हणाला.
घंटेवरून तो प्रत्येक मेंढी ओळखतो.
टॅबची कळ त्याला एका दिवसात आली:
म्हणजे कुंपणातून एकेक सोडायची, मोजत.
आणि शिफ्ट-टॅब?
'पुढे निसटलेली मागे घ्यायची.'
ट्रेनिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

लिनेओचं वेगळं.
तिचं नाव आम्ही लिहितो 'लि'ने, म्हणतो 'दि'ने.
दिनेओ, म्हणजे भेटी.
एलपुढे आय आला की त्याचा द होतो,
भाषेची जुनी खोड, कागदावर एक, जिभेवर एक.
यंत्रातल्या बाईला हे कोण सांगणार?
'लायनिओ,' ती म्हणाली.
मुलीने मान वळवली,
'ही कुणाला हाक मारतेय?'

मग मी तिला उच्चारांचा कोश उघडून दिला.
दोन रकाने.
लिहिलंय काय. म्हणायचं काय.
तिने वर नाव टाकलं, खाली नाव टाकलं,
एंटर.
'दिनेओ,' बाई म्हणाली.
ती हसली-बिसली नाही.
पुन्हा बाण दाबला. पुन्हा.
अकरा वेळा.
मी बॅटरीकडे बघत होते. बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मला न विचारता
तिने झाडून सगळ्या 'लि'ची 'दि' करून टाकली.
इंग्रजीच्या तासाला
'लिसन अँड रिपीट'चं 'दिसन अँड रिपीट',
'लिटल गर्ल'ची 'दिटल गर्ल',
चौघं पोट धरधरून.
मला रागवायचं होतं. जमलं नाही.
'दुरुस्त कर,' एवढंच म्हटलं.
'उद्या,' ती म्हणाली.
'आजचा दिवस तिला आपल्यासारखं बोलू दे.'

शुक्रवारी वडिलांना पत्र.
ते सीमेपलीकडे, प्लॅटिनमच्या खाणीत.
आजवर ती सांगायची आणि थोरला भाऊ टिपायचा,
'केवढं लांबण लावतेस' म्हणत
अर्धं गाळायचा.
तिने हेडफोन चढवला, वेग वाढवला,
इतका की बाहेर झिरपणारा आवाज
पत्र्यावरच्या गारांसारखा.
दोन ओळी झाल्या असतील. थांबली.
'म्मे, पडदा चालू आहे?'

होता.
चार महिन्यांत पन्नास कळा शिकवल्या,
पडदा काळा करायची तेवढी राहिली.
कुणाला लागणार होती?
पडदा मलाच लागायचा, चुका शोधायला.
आता ती कळ आठवेनाही.
अंगावरचं घोंगडं काढून मी त्याच्यावर टाकलं.
तिने हात फिरवून चारी कोपरे तपासले,
एक खाली ओढला.
'आणि बोटं?
यंत्र बोलायच्या आधीच तुम्ही चूक सांगता.
मला कळतं ते.'

मी दाराकडे तोंड करून बसले.
बाहेर पॅनेलवर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.
झाडायला उठायला हवं होतं,
उठले नाही.
मागे कळा वाजत होत्या,
मध्येच बराच वेळ नुसती एकच, खोडायची,
मग पुन्हा सगळ्या.
माझे खांदे गारठले होते.

काय लिहिलं, माहीत नाही.
शेवटी जरा थांबून
पाच कळा वाजल्या, सावकाश.
पहिली एलची असणार.