तहकूब

सभा अकराची होती.
साडेअकराला टीन तापून टकटक वाजू लागलं.
सरपंचबाई, ग्रामसेवक, मी
आणि दारात आडवं पडलेलं कुत्रं,
एवढ्यात गणपूर्ती होत नाही.
ग्रामसेवकांनी लिहिलं : तहकूब.
रजिस्टर माझ्या काखेत दिलं,
"निळकंठ, दिवे लागेपर्यंत शंभर सह्या."

सोळा वर्षं शिपाई आहे, हेच करतो.
लोक सभेला येत नाहीत, मग सभा जाते लोकांकडे,
पण मुकी, घडी घातलेली,
फक्त नाव लिहायचा कोपरा उघडा ठेवून.
दिवाबत्ती, दारूबंदी, नळयोजना,
सगळ्यांवर माणसं अशीच उमटली,
कुणी चुलीपासून उठून, कुणी न्हाणीतून ओला हात काढून.
एका ठरावावर तर दुधाचा डाग आहे,
गाय पिळता पिळता अंगठा दिला होता कुणी.

आज ठराव क्रमांक चार.
वातावरणीय बदलाबाबत गावाचा कृती आराखडा. मंजूर.
सूचक आणि अनुमोदक
दोघंही लग्नाला मूलला गेलेले.

इंद्रकला मडावीच्या सांदवाडीत मोहफुलं वाळत होती.
शाईचा पॅड पुढे केला.
तिनं अंगठा पदरात घेतला.
"वाच आंधी."
लंबा आहे, म्हटलं.
"मले कोठी जायाचं आहे?"

वाचलं.
गट नंबर एकशे बारा, वृक्ष पाचशे.
"थो तं खडक. अन् अवंदा जगलेच,
तं पुढच्या वैशाखात पानी कोन घालन?"
ठरावात खड्ड्याचं माप होतं, दीड बाय दीड.
पाणी घालणाऱ्याचं नाव नव्हतं.
पुढे वाचलं : समुदायाचा सक्रिय सहभाग.
"हा कोन?"
तुमीच, म्हटलं.
ती हसली. मोहफुलं उलथत म्हणाली,
"मले तं कोनं इचारलं नाई."

कुंपणापलीकडून वच्छला गुरनुले ऐकत होती.
"लिव मंग. तलावाचा पाट बुजला, सात साल झाले.
आता पानी पडते तं एकाच राती पडते,
अन् सकाडी पाहा तं बोडी कोरडीच."
चक्कीवरून डोमाजी आला, भुवयांवर पीठ,
"अंगनवाडीच्या टिनावर तनस टाका.
दुपारी लेकरं वकते तिथं."
कुणी म्हणालं, रोजगार हमीची हजेरी सहाले लावा,
तपन आता आठलेच डोक्यावर येते.
कुणी नुसतं बोट दाखवलं
रेशनच्या रस्त्याकडे,
जिथं कडुनिंब होते आणि आता डांबर आहे.

कुठं लिहू?
रजिस्टरात रकाने तीन.
अनुक्रमांक. नाव. सही.
मी सहीच्याच रकान्यात लिहू लागलो.

नाव : इंद्रकला मडावी. सही : पाणी कोण घालणार?
नाव : वच्छला गुरनुले. सही : पाटाचं तोंड.
नाव : डोमाजी चौखे. सही : तनस, अंगणवाडी.
अक्षरं रकान्यात मावेनात,
शेजारच्या घरात घुसली,
जशी माणसं घुसतात सावलीसाठी.

दिवे लागले तेव्हा एक्केचाळीसच झाले होते.
ग्रामसेवक म्हणाले, हे काय केलंस? सह्या कुठायत?
ह्याच, म्हटलं,
आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा
खुर्चीवर न विचारता बसलो, पाय दुखत होते म्हणून.

सरपंचबाई मोबाईलच्या उजेडात वाचत होत्या.
एका ओळीवर बोट थांबलं. त्यांच्या सासूची ओळ.
घरात पाच वर्षं बोलली नाही ते
तिनं रजिस्टरात बोलून ठेवलं होतं.
बाईंनी 'मंजूर' खोडलं नाही.
त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं, लहानसं,
विळ्याएवढं.

पुढची तारीख : मंगळवार, रात्री आठ, चक्कीसमोर.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असा नियम आहे.
चक्कीसमोर चालते का,
ते ग्रामसेवक पुस्तकात शोधतायत.

मी दवंडीला निघालो.
विषय सांगितलाच नाही यावेळी,
म्हटलं, तुम्ही सांगितलेलं वाचून दाखवणार आहेत.
कोण येईल, माहीत नाही.
इंद्रकलेनं दारातून विचारलं,
"प्यायले पानी ठेवसान का तिथं?"

लिहून घेतलं.