पहिली रीटा

कातडी शाई पोटात घेते.
चाळीस वर्षं मी तेच केलं, हलमध्ये, हेसल रोडवर,
केस कापायच्या दुकानावरच्या माडीत:
सुई आत, रक्त पुसलं, व्हॅसलीन, कागद, पुढचा कोण?
खलाशी भांडायचे, बुडायचे, बायका सोडायचे,
चित्र जागच्या जागी.

शिसं तसं नाही.
शिसं काहीच पोटात घेत नाही.
बोटाच्या पेराएवढा माणूस, जवाच्या दाण्याएवढा दंड,
त्यावर केसासारख्या पेनानं ओढलेली रेघ
नुसती वर टेकलेली असते,
परक्या घरी आल्यासारखी, खुर्चीच्या कडेवर.

हिल्डा ब्रॉक्लबी नोव्हेंबरात आली.
पिशवीत नवऱ्याचे तीन फोटो आणि एक यादी.
"लेन करून द्या. बनियनवर. हात दिसले पाहिजेत.
हातांवरचं सगळं तुमचंच, आठवत असेल."
आठवत होतं.
डाव्या मुठीवर पाकोळी, उजव्या दंडावर नांगर,
नांगराखाली फितीत: रीटा.

यादीत तिनं तेही लिहिलं होतं,
बाकीच्याच अक्षरात, बाकीच्याच शाईत.
मी विचारलं नाही.
आमच्या धंद्यात फक्त स्पेलिंग विचारतात.

भिंग लावून, श्वास अर्ध्यावर धरून चार अक्षरं लिहिली.
आणि मग घाई केली. म्हातारा झाला तरी हात हावराच.
त्याच संध्याकाळी ब्रशनं व्हार्निश फिरवलं
आणि रीटा उठून चालायला लागली,
आधी 'आर'चा पाय, मग सगळीच,
निळसर ओघळ, कोपराच्या दिशेनं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
म्हटलं, वरच्यानंच बोट फिरवलं.
डाग डागच राहू दे,
बाईला सांगू, इतकं बारीक आता जमत नाही.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ.
"पाकोळी छान उतरलीय. आणि हे?"
मी ठरवलेलं सांगितलं.
"एकतीस वर्षं त्या नावाशेजारी झोपलेय मी," ती म्हणाली.
"उन्हात पाठीला क्रीम लावायची, तर त्यावरूनही लावायची.
हे गाळलंत तर तो दुसऱ्याच कुणाचा हात होईल.
पुन्हा लिहा. वाचता येईल असं."

पुन्हा, तर पुन्हा.
स्पिरिटचा बोळा, कोरा दंड, कातडीचा रंग, दोन पातळ हात.
पेन.
आता मात्र रीतसर.
दोन दिवस झाकणाच्या डब्यात, बोट न लावता.
हंबरवर धुकं होतं तोवर फवाऱ्याचं नाव नाही;
दमट हवेत व्हार्निशवर पांढरी साय धरते,
मग लेन काय आणि त्याचं भूत काय, सारखंच.
तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, कंजूष, पण कोरडं.
डबा कोमट पाण्यात धरला, खळखळ हलवला,
दीड वीत लांबून, फवारा बाहेर सुरू, बाहेरच बंद,
मधल्या मधे माणसावरून जाऊ द्यायचा,
ओळखीच्यानं न थांबता टोपी उचलावी तसा.
ओलं दिसलं की चुकलं.
वाळू दे. पुन्हा. वाळू दे.
ब्रश नाही. ब्रश म्हणजे हात,
आणि हाताला मधे बोलायची खोड असते.

चौथ्या थरानंतर नखानं घासून पाहिलं.
रीटा हलली नाही.

हिल्डानं लेनला कापसात गुंडाळून चहाच्या डब्यात ठेवलं,
पैसे मोजले, चिल्लर धरून.
दारात वळली.
"तुम्ही पाहिली असेल ना तिला? कशी होती?"

पाहिली होती. त्या दिवशी ती बरोबर आली होती,
सगळा वेळ खुर्चीच्या कडेवर बसून
त्याचा दुसरा हात धरून होती.

"आठवत नाही," मी म्हटलं.
"बरं," ती म्हणाली, आणि बस धरायला गेली.

माझ्या अंगठ्यावर पहिल्या रीटाचा निळा डाग होता.
साबणानं गेला नाही.
नंतर कधीतरी आपोआप गेला.